लोखंडाचे सोवळे

माणसामाणसांतले सोवळे आपण सोडले, असे आपण सभांतून सांगतो. पूर्ण सोडले की नाही, हा वाद मी आज काढीत नाही. पण जेवढे सोडले तेवढे कुठे तरी जाऊन बसले असलेच पाहिजे, आणि त्याची एक जागा मला सापडली आहे. ती जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली आहे.

फराळाचे ताट पुढे असताना तेलाने माखलेल्या इंजिनाची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी राग मानू नये. मी डहाणूकडचा एक मास्तर. मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. मुलांना गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या मालकीची मोटार नाही, तेव्हा या वादात माझा पैशाचा लोभ नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो. पण ज्यांच्या घरी वडिलांची फियाट आहे, ज्यांच्या वाडीत आजोबांची जीप ताडपत्रीखाली उभी आहे, किंवा जिचे फक्त फोटो उरले आहेत अशी एखादी गाडी ज्यांच्या बोलण्यात दर दिवाळीला निघते, त्या सर्वांशी या लेखाचा संबंध आहे.

आमच्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात अशा गाड्या अजून सापडतात. कुणाची चिकूच्या वाडीत असते, कुणाची हमरस्त्यालगतच्या गॅरेजामागे गवतात रुतलेली असते. त्यांच्या शोधात शहरांतून माणसे येतात. त्यांत थोडे खरे शौकीन, बाकी दलाल. सर्वांचा पहिला प्रश्न एकच : "इंजिन ओरिजिनल आहे का?" गाडी चालते का, हा प्रश्न दुसरा. ती इतकी वर्षे कुणी चालवली, कशी जगवली, हे तर कुणी विचारीतच नाही.

नोंदणीच्या पुस्तकात, म्हणजे आर.सी. बुकात, दोन आकडे असतात. एक चासीचा, एक इंजिनाचा. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जी जोडी जमली होती तीच आज असेल, तर गाडी कुलीन. इंजिन मध्यंतरी बदललेले असेल, तर गाडी बाटली. मग किंमत निम्म्यावर येते आणि मालकाची मान खाली जाते. जणू त्याच्या घराण्यात काही भलतेसलते घडले आहे!

आणि या सोवळ्याची पुढची तऱ्हा पाहा. बाटलेली म्हणून स्वस्तात नेलेली तीच गाडी शहरात जाते. तिथे कुणी तरी इंजिनावरचा आकडा कानशीने घासतो, त्याजागी हवा तो आकडा ठोकतो, आणि गाडी शुद्ध होऊन बाजारात उभी राहते. प्रायश्चित्त घेऊन पंक्तीला बसवावे तशी! सोवळे जिथे कडक असते तिथे लबाडी हमखास फोफावते.

माझे म्हणणे सरळ आहे. बदललेले इंजिन हा गाडीचा दोष नव्हे. त्याचे मूळ लपवणे हा दोष आहे. इंजिन कुठले, ते कधी आले आणि का आले, हे शोधून लिहून ठेवले म्हणजे गाडीचे मोल वाढते. आज जे चालले आहे ते नेमके उलट आहे.

ही गोष्ट मला पुस्तकात सापडली नाही. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या एका वाडीत एक दलाल जीप पाहायला आला. वाडीची मालकीण एक वयस्क विधवा बाई. जीप तिच्या नवऱ्याची. दलालाने बॉनेट उचलले, नाक मुरडले आणि म्हणाला, "काकी, हे ट्रॅक्टरचं इंजिन आहे. गाडी गेली कामातून. भंगाराच्या भावाने नेतो." बाईंनी दोन दिवसांची मुदत मागितली आणि मला निरोप धाडला. मास्तराला कागद वाचता येतात, ही खेड्यातली जुनी समजूत!

मी एकटा गेलो नाही. तलासरीकडचा एक मिस्त्री बरोबर घेतला. हेडचे गॅस्केट गेले होते, त्यामुळे हेड उघडावेच लागणार होते. शाळेच्या प्रयोगशाळेतली व्हर्नियर पट्टी मी खिशात घातली होती. सिलिंडरचा व्यास भरला 90 मिलिमीटर आणि वर झिजेचे काही अंश. पिस्टनची खालीवर होण्याची मजल, जिला मिस्त्री लोक स्ट्रोक म्हणतात, ती भरली 83 मिलिमीटर. सिलिंडर चार. हेच आकडे मी दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिले. दंडगोलाचे घनफळ काढायला मुलांना एरवी कंटाळा येतो. त्या दिवशी आला नाही. त्रिज्या साडेचार सेंटिमीटर, तिचा वर्ग 20.25, त्याला 22/7 ने गुणा, मग 8.3 ने, मग 4 ने. उत्तर आले 2113 घनसेंटिमीटर. खरे उत्तर 2112. तो एकाचा फरक 22/7 च्या स्थूलपणाचा.

90, 83 आणि 2112 हे आकडे ओळखीचे आहेत. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने आखलेले हे डिझेल इंजिन. 1979 च्या सुमारास महिंद्रांनी त्याचा परवाना घेतला आणि ते इथेच बनवून आपल्या जीपगाड्यांत बसवू लागले. त्याचे नावच एक्सडीपी 4.90, म्हणजे चार सिलिंडर आणि 90 चा व्यास. त्याच घरच्या बी-275 ट्रॅक्टरच्या इंजिनाचा स्ट्रोक चार इंच, म्हणजे 101 मिलिमीटरांहून अधिक असतो. 83 आणि 101 यांतला फरक शाळेच्या फूटपट्टीनेही कळतो. म्हणजे जे इंजिन परके आणि ट्रॅक्टरचे म्हणून हिणवले गेले, ते त्या जीपच्याच कारखान्यातले, तिच्या धाकट्या भावंडाचे निघाले. आर.सी. बुकात पेट्रोलचे डिझेल झाल्याची नोंद होती आणि तिच्यावर शिक्काही होता.

दलाल परत आला तेव्हा बाईंनी त्याला हे सगळे सांगितले. तो हसून म्हणाला, "काकी, तुमचं खरं आहे. पण बाजारात खरं चालत नाही, ओरिजिनल चालतं." एका वाक्यात त्याने सगळा रोग सांगून टाकला. जीप त्याला मिळाली नाही. ती आजही चिकूची खोकी वाहते.

लोखंडाला बोलता येत नाही असे समजू नका. त्याला तीन तोंडे असतात. पहिले तोंड आकड्याचे. इंजिनाच्या अंगावर दोन प्रकारचे आकडे असतात. एक साच्यातून ओततानाच उठून आलेला असतो, तो त्या भागाचा. दुसरा मागाहून ठोकलेला असतो, तो त्या एकट्या इंजिनाचा. ठोकलेला आकडा घासता येतो, पण त्या जागेवरच्या यंत्राच्या बारीक रेघाही त्याबरोबर पुसल्या जातात आणि तो गुळगुळीतपणाच चुगली करतो. शिवाय ठोकताना खालचे लोखंड दबते. वरचा थर गेला तरी तज्ज्ञ त्यावर आम्ल लावून गेलेला आकडा पुष्कळदा पुन्हा उमटवतात. मार खाल्लेला माणूस एक वेळ विसरतो, लोखंड सहसा विसरत नाही.

दुसरे तोंड मापाचे. आपल्याकडच्या फियाटचेच घ्या. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून 1100 डी गाडी बनू लागली. पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले आणि मुंबईची टॅक्सी म्हणून ती 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. तिचा सिलिंडर 68 मिलिमीटरचा, स्ट्रोक 75, घनफळ 1089. इटलीत त्याच नावाच्या गाडीला 72 मिलिमीटरचा सिलिंडर होता, स्ट्रोक तोच, आणि घनफळ 1221. झिजलेला सिलिंडर कातून मोठा करतात हे खरे, पण तो फार तर एखाद्या मिलिमीटरने, चारने नव्हे. तेव्हा इटलीहून आणलेले इंजिन म्हणून कुणी कुर्ल्याचे इंजिन गळ्यात बांधू पाहील, तर पट्टी त्याचा निकाल लावते. स्ट्रोक बरोबर साडेतीन इंच आणि घनफळ 1489 भरले, तर ते इंग्लंडच्या मॉरिस घराण्यातून बंगालमधल्या उत्तरपाड्याला आलेले ॲम्बॅसडरचे इंजिन, असा कयास करायला हरकत नाही. मिस्त्रीला तर पट्टीही लागत नाही. बोल्टावर इंची पाना बसतो की मिलिमीटरचा, एवढ्यावर तो इंग्रज आणि इटालियन वेगळे काढतो.

तिसरे तोंड सांध्यांचे. परके इंजिन बसवताना पाळणे बदलावे लागतात, गिअरबॉक्सशी गाठ घालायला मध्ये लोखंडी पाट घालावा लागतो, कुठे वेल्डिंगचा वळ राहतो. बॉनेटची उंचीसुद्धा बोलते. 1953 साली निघालेल्या सीजे-3बी जीपचे कपाळ उंच का, तर तिच्या नव्या इंजिनातला एक झडप-संच वर हेडमध्ये गेला आणि इंजिन उंच झाले म्हणून. व्यास आणि स्ट्रोक तोच, घनफळ तेच 2199. फरक फक्त डोक्यात. मापाने चकलात तर कपाळ पाहा!

एवढी बोलकी वस्तू समोर असताना आपण तिला एकच प्रश्न विचारतो : तू मूळची की बाहेरची? बाहेरची असे उत्तर आले की पुढचे ऐकतच नाही.

इंजिने बदलली का गेली, हे तरी आठवावे. शिवडीला 1928 पासून जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना होता. 1954 च्या सुमारास त्या कंपनीने इथला गाशा गुंडाळला. परदेशी भाग मागवायचे तर परवाना हवा, आणि परवाना मिळणे मोठ्या वशिल्याचे काम. शेव्हरोलेचा एखादा भाग मोडला म्हणजे मालकापुढे दोनच वाटा उरत : गाडी मोडीत घालायची, किंवा मिळेल ते इंजिन बसवायचे. मद्रासच्या सिंप्सन कंपनीत पर्किन्सच्या परवान्याने डिझेल इंजिने बनत, ती कुणाला उपयोगी पडली. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकले आणि पुष्कळ जीपगाड्यांनी डिझेल पत्करले. यात कुणी पाप केले? ज्यांनी इंजिन बदलले त्यांनीच गाडी वाचवली. ज्यांनी बदलले नाही त्यांच्यापैकी किती जणांची गाडी आज उभी आहे, हे या कुलीनतेच्या पुजाऱ्यांनी मला दाखवावे.

आणि जीपबद्दल कुलीनता बोलणे तर निव्वळ हास्यास्पद आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. कारखाने दोन, विलिस आणि फोर्ड. विलिसच्या इंजिनाच्या आकड्याआधी एमबी ही अक्षरे, फोर्डच्या आधी जीपीडब्ल्यू. एकाचा भाग दुसऱ्यात बसावा अशीच मूळची योजना होती, कारण रणांगणावर मोडलेल्या गाडीचे कुलशील विचारायला कुणाला सवड नसते. विलिसच्या अंगात फोर्डचे इंजिन सापडले तर ती त्या गाडीची बेअब्रू नव्हे, तिची युद्धातली हजेरी असू शकते.

आता सरकारी नियमाकडे येतो. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने पुरातन मोटारींसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी-चारचाकींना वेगळा मान, क्रमांकात व्हीए ही अक्षरे, नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि दहा वर्षांची मुदत. हेतू चांगला आहे आणि त्याबद्दल सरकारचे अभिनंदन करायला मी तयार आहे. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शब्दशः अर्थ घेतला, तर चाळीस वर्षांपूर्वी इंजिन बदलून, त्याची रीतसर नोंद करून ज्याने गाडी जगवली, तो दाराबाहेर. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम बदल झाल्यावर चौदा दिवसांत कळवा म्हणते. ज्याने कळवले त्याचा पुरावा सरकारदप्तरी आहे, म्हणून तो अडकतो. ज्याने लपवले, घासले, ठोकले, तो मात्र मूळ स्वरूपाची गाडी घेऊन ऐटीत आत जाऊ शकतो. खरे बोलणाऱ्याला दंड आणि खोटे बोलणाऱ्याला बक्षीस, हा नियमाचा हेतू खचितच नसेल. परिणाम मात्र तोच होतो.

याहून शहाणा विचार जगात झालेला आहे. "ओल्ड नंबर वन" या नावाची एक बेंटली गाडी 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्सची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. 1932 साली आठ लिटरचे मोठे इंजिन घालून ती इंग्लंडात ब्रुकलंड्सच्या शर्यतीत उतरली आणि तिथे तिला भीषण अपघात झाला. तिचा चालक क्लाइव्ह डनफी त्यात दगावला. गाडी पुढे पुन्हा बांधली गेली. 1990 साली सुमारे एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला आणि घेणाऱ्याने हात आखडला : हिच्यात मूळचे काय उरले? प्रकरण लंडनच्या कोर्टात गेले. न्यायमूर्ती ऑटन यांच्या निकालाचे सार असे, की मूळचे सगळे भाग नसल्यामुळे तिला जशीच्या तशी मूळची म्हणता येणार नाही. पण ती कधी नाहीशी होऊन तिच्या जागी दुसरी गाडी आली, असेही झालेले नाही. तिचा इतिहास अखंड आहे, म्हणून ते नाव तिचेच. मूळचे असणे वेगळे आणि खरे असणे वेगळे, हे त्या न्यायमूर्तींना कळले. आमच्या दलालाला कळत असूनही वळत नाही.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. चोरीच्या गाड्यांची इंजिने काढून दुसरीकडे बसवली जातात. आकडे जुळलेच पाहिजेत हा आग्रह सोडला, तर चोरांचे फावेल, असे म्हणतात. मी म्हणतो, चोराला पकडायचे तर इंजिनाचे मूळ शोधलेच पाहिजे, आणि मी तरी दुसरे काय मागतो आहे? बदललेल्या इंजिनाला सरसकट बाटलेले ठरवले, म्हणजे प्रामाणिक मालकही तोंड मिटतो आणि चोराला गर्दीत लपायला जागा मिळते. मूळ सांगणे मानाचे झाले, तर न सांगणारा आपोआप उघडा पडेल. दुसरा मुद्दा इतिहासाचा. काही गाड्या कारखान्यातून निघाल्या तशाच जपल्या पाहिजेत, हे मला मान्य आहे. अशा गाडीला पहिला मान द्या. पण पंक्तीत दुसरे पान मांडूच नये, हा कुठला न्याय?

तेव्हा माझ्या मागण्या तीनच आहेत. नियमात एक वाक्य वाढवावे : नोंद असलेले आणि मूळ सिद्ध झालेले बदली इंजिन अपात्र ठरू नये. दाखल्यावर त्या इंजिनाचे गाव, साल आणि कारण स्वच्छ लिहावे. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत प्रत्येक गाडीच्या पाटीवर पहिल्या इंजिनाबरोबर आताच्या इंजिनाचाही वृत्तांत असावा, आणि ते बसवणाऱ्या मिस्त्रीचे नाव ठाऊक असेल तर तेही असावे. आणि घासलेल्या आकड्याची गाडी, मग ती कितीही देखणी असो, कुणीही घेऊ नये.

यावर कुणी म्हणेल, मास्तर, परक्या इंजिनाची गाडी अस्सल कशी म्हणायची? त्यांना मी घोलवडला यायचे आमंत्रण देतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. आणि त्याचे कलम बांधतात ते खिरणीच्या खुंटावर. आमच्याकडे तिला रायणही म्हणतात. मूळ एकाचे, फळ दुसऱ्याचे, गाव तिसरे! तरी चिकू घोलवडचाच. रोपवाटिकेतला माळी विचारताच सांगतो, हा खुंट खिरणीचा आहे. तो लपवीत नाही, कारण त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्याला कुणी शिकवलेले नाही.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना शेवटी एक घरगुती सूचना करतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी मंडळी वहीपूजन करतात. यंदा त्यांच्या वहीशेजारी चाळीस पानांची एक साधी वही ठेवा. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन गाडीपाशी जा, चिंधीने तेल पुसा आणि इंजिनावरचा आकडा जसा दिसेल तसा वहीत उतरवा. आर.सी. बुकातला आकडा त्याच्या शेजारी लिहा. दोन्ही जुळले नाहीत तर घाबरू नका. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा आणि तो सांगेल ते तारखेसकट लिहून घ्या. गाडी ज्याने उघडून बसवली तो मिस्त्री हयात असेल, तर फराळाचा डबा घेऊन त्याच्याकडे जा. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका. लोखंड थांबेल, मिस्त्रीचे वय थांबणार नाही.